भरल्या पानावरून

“उडवू का, सर?”

भिगवणच्या पाण्यावर जानेवारीत, दिवस जेमतेम कासराभर वर आलेला असताना, हा प्रश्न हमखास कानावर पडतो. होडीच्या टोकाला उभा असलेला नावाडी विचारतो. मोठाल्या लेन्स मांडीवर घेऊन बसलेले चार-पाच जण “थांब, सेटिंग बघू दे” म्हणत कॅमेऱ्याची चाकं फिरवतात. मग एकजण हात वर करतो. इंजिनाचा आवाज वाढतो, होडी नीट थव्यावर जाते आणि चिखलात चरणारे दोनशे-तीनशे रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, पाण्यावरून धावत धावत हवेत उठतात. दहा-बारा सेकंद शटरांचा ताशा कडकडतो. थवा लांब, पार पलीकडच्या काठाला जाऊन बसतो. होडीतले सगळे माना खाली घालून स्क्रीनवर पाहू लागतात. तोवर दुसरी होडी त्या पलीकडच्या काठाकडे निघालेली असते.

मी दौंडचा. स्टेशनाजवळ माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नं, बारशी, शाळेचे ग्रुप फोटो आणि पासपोर्ट फोटो यांवर आमचं घर चाललं. पक्ष्यांचं वेड 2009 च्या हिवाळ्यात लागलं. जुनी, पण लांब पल्ल्याची एक लेन्स हप्त्यावर घेतली आणि रविवारी पहाटे भिगवण गाठायला लागलो. त्या पहिल्याच हिवाळ्यात मी नावाड्याला सांगितलं, “मामा, उडवा.” त्यांनी उडवलं. फोटो आला, आणि देखणा आला. खाली रुपेरी पाणी, वर उघडलेले गुलाबी-तांबडे पंख, त्यांना काळी किनार, मागे धुकं. चार फुटी फ्रेम करून मी तो स्टुडिओत काउंटरमागे लावला. येणारा प्रत्येकजण वाखाणायचा.

पण परतीच्या वाटेवर मामा काय बोलले ते त्या फ्रेमपेक्षा जास्त दिवस टिकलं. बांबूने होडी रेटता रेटता, माझ्याकडे न बघता ते म्हणाले, “दादा, तुम्ही सांगितलं म्हणून उठवली. पर जेवत्या पाव्हण्याला पानावरनं उठवत न्हाईत. लई लांबनं आल्यात ती.”

मी गप्प बसलो. आज सांगायचंय ते एवढंच की “उडवू का” या प्रश्नाला नाही म्हणणारी माणसं होडीत वाढायला हवीत. प्रश्न विचारणाऱ्याला दोष देऊन काही होणार नाही.

आधी उजेडाचं सांगतो, कारण आम्हा फोटोवाल्यांना पहाटे घराबाहेर काढतो तो उजेडच. सूर्य क्षितिजाला टेकलेला असतो तेव्हा त्याच्या किरणांना हवेचा फार जाड थर पार करून यावं लागतं. त्यातला निळा भाग वाटेतच विखुरतो आणि पिवळा-तांबूस भाग आपल्यापर्यंत पोचतो. म्हणून कोवळं ऊन सोनेरी. पण रंगाहून मोठी गोष्ट म्हणजे त्या उन्हाची दिशा. दुपारचं ऊन डोक्यावरून पडतं. पक्ष्याची पाठ पांढरी फटक होते, पोट काळं पडतं आणि डोळा तर खोबणीतच बुडतो. सकाळचं ऊन आडवं येतं. ते पक्ष्याच्या छातीवर पडतं, पिसापिसाच्या कडेला बारीक सावली देतं, आणि पाण्यावरून उलटं परतून पोटाखालचा अंधारही भरून काढतं. आणि डोळ्यात उजेडाचा एक ठिपका येतो. स्टुडिओत आम्ही त्याला डोळ्यातला दिवा म्हणतो. नवरीच्या फोटोत तो आणायला मी दोन-दोन दिवे लावतो, छत्र्या उघडतो. इथे सूर्य तो फुकट लावून देतो. बगळा असो, चित्रबलाक असो की साधी टिटवी. दिवा नसलेला डोळा फोटोत मेलेला वाटतो.

ही मिजास मोजून तास-सव्वा तासाची. जानेवारीत आमच्याकडे सातच्या सुमारास सूर्य उगवतो. आठ-साडेआठपर्यंत ऊन कोवळं असतं. पुढे चिखलाची मैदानं तापायला लागतात, हवा थरथरते आणि लांबच्या लेन्समधून पक्ष्याच्या कडा विरघळल्यासारख्या दिसतात. मग कितीही महागडा कॅमेरा असो, चित्र खणखणीत येत नाही. त्यामुळे त्या सव्वा तासात जिवाची घाई होते. ही घाई मी स्वतः केलेली आहे. पहाटे चारला उठून, थंडीत कुडकुडत, डिझेल जाळून आलेल्या माणसाला रिकाम्या हाताने परतवत नाही.

पण तोच सव्वा तास पाखरांनाही हवा असतो, आणि त्यांची गरज आपल्याहून निकडीची असते. जांभळ्या शिंजिराचं वजन 10 ग्रॅमच्या आत. एवढासा जीव थंडीची रात्र अंगातली चरबी जाळून काढतो आणि उजाडताच त्याला भरपाई करावी लागते. नदी सुरय पाण्यावर घिरट्या घालत मासा हेरत असतो. पट्टकादंब हंसांचं वेळापत्रक याच्या उलट. तिबेट, मंगोलियाकडून हिमालय ओलांडून आलेला हा पक्षी रात्री, पहाटे गवतात आणि पिकांत चरतो आणि दिवसा पाण्याकाठी विसावतो. म्हणजे आपण कॅमेरा उगारतो तेव्हा त्याने नुकतंच अंग टाकलेलं असतं. रोहित तर रात्रीही चरतो, दिवसाही चरतो, कारण त्याचं खाणंच इतकं बारीक आहे की पोट भरायला तास न् तास लागतात. कोणाची न्याहारी, कोणाची झोप. आपल्यासाठी मोकळा ठेवलेला वेळ कोणाकडेच नाही.

रोहिताला उडवणं त्याला किती महागात पडतं हे त्याची उड्डाणाची पद्धत पाहिली की कळतं. बगळ्यासारखी उभ्या जागेवरून झेप त्याला घेता येत नाही. दीड मीटर उंचीचा, लांब पायांचा, लांब मानेचा पक्षी. त्याला पाण्यावरून धावावं लागतं, पंख मारत आणि पाणी उडवत. आम्हाला नेमकं तेच हवं असतं. कारण उभा रोहित लांबून पांढुरका दिसतो. त्याचा गुलाबी आणि तांबडा रंग पंखांच्या आत दडलेला असतो, पंख उघडले की तो पेटतो. अग्निपंख हे नाव त्यावरूनच पडलं. म्हणजे ज्या क्षणी पक्ष्याची सगळ्यात जास्त ताकद खर्च होते, तोच क्षण चित्रात सगळ्यात सुंदर दिसतो. एका सकाळी आठ-दहा होड्या आल्या आणि प्रत्येकीने एक-दोनदा थवा उठवला, तर त्या थव्याची सकाळ कशी गेली असेल याचा हिशेब करायला आकडेवारी लागत नाही.

नावाड्यांना मी एका शब्दानेही दोष देणार नाही. भिगवणचं हे पाणी उजनीच्या धरणाचं. धरण 1980 मध्ये पुरं झालं आणि भीमेचं पाणी गावांवर, शेतांवर चढलं. पळसदेवचं जुनं देऊळ अजून पाणी उतरलं की वर येतं आणि लोक ते बघायला गर्दी करतात. त्याच पाण्याखाली कोणाची तरी बागायत आणि उंबरे गेले. पाण्यावर राहिलेल्या माणसांनी मासेमारी धरली आणि पुढे पाहुण्यांना पक्षी दाखवायचं काम. कुंभारगाव, डिकसळ भागात कितीतरी घरांच्या चुली हिवाळ्यात या होड्यांवर पेटतात. ही पोरं पक्षी ओळखतात, मराठी नाव सांगतात, इंग्रजी नावही सांगतात. त्यांच्यातला एकजण उद्या “मी उडवणार नाही” म्हणाला, तर गिऱ्हाईक शेजारच्या होडीत जाऊन बसेल. आणि उडवणाऱ्याला जास्तीची बक्षिशी मिळते हे मी डोळ्यांनी पाहिलंय. ती नोट आपण काढतो, मग दोष त्याचा कसा?

म्हणून एकेकट्याच्या चांगुलपणावर हे सोडू नये. काठावरच्या सगळ्या होड्यांनी, ग्रामपंचायतींनी आणि वन विभागाने बसून एकच नियम करावा आणि तो सगळ्यांना सारखा लागू असावा. नियम मीटरमध्ये नको. पाण्यावर कोण फूटपट्टी घेऊन बसणार? नियम मानेचा असावा. चरणाऱ्या थव्याकडे होडी जाऊ लागली की आधी कडेच्या एक-दोन पक्ष्यांची मान वर होते. मग पाच-दहा. मग चोच पाण्याबाहेर ठेवून सगळा थवा एका दिशेने चालू लागतो, आणि त्यानंतर उडतो. पहिल्या माना वर झाल्या की होडी थांबली पाहिजे, आणि थवा चालू लागला की मागे आली पाहिजे. थव्याच्या अलीकडे इंजिन बंद, पुढे फक्त बांबू. हे कोणत्याही नावाड्याला समजावावं लागत नाही, त्याला ते आपल्याआधी दिसतं. त्याला फक्त आपल्या गिऱ्हाइकापुढे उभं राहायला आधार हवा आहे. “सर, इथे नियम आहे” एवढं म्हणता आलं तरी पुरे.

उडवल्याशिवाय काय मिळतं, असं कोणी विचारेल. मला मिळालंय ते सांगतो.

तीन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत मामांना म्हटलं, आज कुठेच जायचं नाही. पाणी उतरून चिखलाची लांब जीभ वर आली होती. तिच्या टोकापाशी त्यांनी बांबू रोवला आणि होडी बांधली. अजून अंधार होता. मी बीन बॅगवर लेन्स टेकवली, अंगावर मातकट चादर घेतली आणि पोटावर पडून राहिलो, म्हणजे लेन्स जवळपास पाण्याच्या पातळीवर आली. मामांनी बिडीही पेटवली नाही. तांबडं फुटलं. शेकाटे आधी आले, त्यांच्या काटकुळ्या लाल पायांची सावली पाण्यात थरथरत होती. थापट्या बदकं गोल फिरत पाणी गाळत होती. रोहित बरेच लांब होते, फक्त आवाज येत होता. हंसांसारखाच, थोडा घोगरा, सारखा चाललेला, जणू पंगतीतली कुजबुज.

अर्धा तास झाला. पाऊण तास झाला. पाठ आखडली. सूर्य वर आला आणि माझ्या मनात तीच जुनी घाई उठली, की ऊन चाललं. मामांनी नुसता तळहात खाली केला: थांबा.

आणि चरत चरत ते आले. आम्ही त्यांच्याकडे गेलो नव्हतो, तेच आमच्याकडे सरकत होते. शेवटी एकजण इतका जवळ आला की लेन्समध्ये मावेना. त्याचं डोकं पाण्यात उलटं होतं. रोहिताची चोच उलटी धरूनच चालते. जाडजूड जीभ पंपासारखी मागेपुढे होते, पाणी आत येतं, चोचीच्या कडेच्या बारीक कंगव्यांतून बाहेर जातं, आणि किडे, शेवाळ आत राहतं. चोच एका जागी ठेवून तो तिच्याभोवती गोल फिरत होता, जागच्या जागी पावलं मारत चिखल तुडवत होता. आपल्याकडे भाताची खाचरं तुडवतात तसाच. तळातलं खाद्य ढवळून वर यावं म्हणून. त्याने डोकं उचललं. चोचीच्या वाकलेल्या टोकावरून पाण्याची धार ओघळली, आडव्या उन्हात ती तांब्याच्या तारेसारखी चमकली, आणि पिवळ्या डोळ्यात दिवा लागला. एका पंखाची कड किंचित सैल होती, त्यातून आतला तांबडा रंग बोटभर दिसत होता.

शटरचा वेग 500, म्हणजे सेकंदाचा पाचशेवा भाग होता. उडत्या थव्याला 2000 लागतो, तेव्हा आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची क्षमता, चढवावी लागते आणि सकाळच्या कमी उजेडात चित्रात दाणे येतात. चरणारा पक्षी तेवढा वेग मागत नाही, म्हणून रंग स्वच्छ येतात, सावल्या मऊ राहतात. निव्वळ कामाच्या अंगाने पाहिलं तरी, शांत पक्ष्याचं चित्र कोवळ्या उन्हाला जास्त मानवतं. हे मी लग्नाच्या धंद्यातून शिकलोय. मंडपात “इकडे बघा, हसा” म्हणून घेतलेले फोटो अल्बमात लागतात, पण लोक वर्षानुवर्षं काढून बघतात तो फोटो वेगळाच असतो. आई मुलीच्या केसांतला गजरा नीट करत असते, आणि कॅमेरा आहे हे दोघींनाही माहीत नसतं.

त्या दिवशी मी स्टुडिओतली चार फुटी फ्रेम उतरवली आणि तिथे तो चिखल तुडवणारा रोहित लावला. वाखाणणारे थोडे कमी झाले. पण लहान मुलं थांबून विचारतात, “काका, याची मान उलटी का?” आणि मला ते सांगायला आवडतं.

घरट्यांच्या बाबतीत मी याहून कडक आहे. उन्हाळ्यात नदी सुरय धरणातल्या उघड्या बेटांवर, वाळूत अंडी घालतो. टिटवी तर शेताच्या बांधावर, रेल्वेच्या खडीतसुद्धा. रखरखत्या उन्हात ती पोटाची पिसं पाण्यात भिजवून आणते आणि ओल्या पोटाने अंडी गार ठेवते. आपण लेन्स घेऊन तिच्यासमोर अर्धा तास बसलो, ती लांब उभी राहून ओरडत राहिली, तर तेवढ्यात अंडी भाजून निघतात. शिवाय कावळ्याला पत्ता लागतो तो वेगळाच. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीची जी व्याख्या केलीय, तीत पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना व्यत्यय आणणंही आहे. वन्यजीवाला हाकणं आणि आमिष दाखवणं हे शब्दही त्याच व्याख्येत आहेत. होडीने थवा उठवणं किंवा कुरवांना शेव-फरसाण टाकणं त्यात कुठवर बसतं ते वकील सांगतील. शिकारीच्या व्याख्येच्या आसपासही माझा कॅमेरा फिरकू नये, एवढी माझी इच्छा आहे. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज लावून नराला झुडपाबाहेर काढणं, दिसलेल्या घुबडाचा पत्ता दहा ग्रुपांवर टाकणं, हेही मला त्याच रांगेतलं वाटतं.

छायाचित्र स्पर्धांपैकी कित्येकांनी घरट्यावरचे फोटो घेणं बंद केलंय. त्याचा परिणाम दिसतो. तरुण पोरं आता घरट्याचा फोटो टाकायला बिचकतात. तोच धडा उडणाऱ्या थव्याला लावायला हवा. परीक्षकाने विचारावं, हा थवा का उडाला? घारीने उठवला, की दलदली भोवत्याने, की तुम्ही? आणि एक विनंती वर्तमानपत्रांनाही आहे, अगदी या पानाच्या संपादकांनाही. दर हिवाळ्यात रोहितांच्या “मनोहारी उड्डाणा”चा फोटो छापून येतो. पुढच्या रविवारी गावोगावची माणसं तेच उड्डाण बघायला भिगवणला येतात आणि नावाड्याला फोटो दाखवून म्हणतात, “असा पाहिजे.” एखाद्या हिवाळ्यात चरणाऱ्या रोहिताचा फोटो पहिल्या पानावर छापून बघा. मागणी बदलेल, हे मी धंद्यातला माणूस म्हणून खात्रीने सांगतो.

आपल्या राज्यात दर वर्षी 5 ते 12 नोव्हेंबर पक्षी सप्ताह होतो. एका टोकाला मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, दुसऱ्या टोकाला सलीम अलींचा. चितमपल्लींनी पाखरांना मराठी नावांनी ओळखायला आपल्याला शिकवलं. सलीम अली 1930 मध्ये किहीमला सुगरणींच्या घरट्यांसमोर दिवसेंदिवस नुसते बसून राहिले, आणि एक नर अनेक घरटी, अनेक माद्या कशा सांभाळतो ते जगाला सांगितलं. त्या माणसाने केलं काय, तर वाट पाहिली. हा आठवडा नेमका हंगामाच्या तोंडावर येतो. व्याख्यानं, चित्रं, मिरवणुका होऊ द्यात. त्याच आठवड्यात काठावरच्या नावाड्यांना बोलवा, आम्हा फोटोवाल्यांनाही बोलवा, आणि तो मानेचा नियम तिथेच ठरवून टाका. बांबूवर चालणाऱ्या होडीला थोडा जास्त वेळ लागतो, तर भाडं थोडं जास्त ठेवा. मी आनंदाने देईन.

मामा आता थकलेत. त्यांचा नातू होडी चालवतो. परवा फोन केला, तर तो म्हणाला, “काका, पाणी उतरायला लागलंय, पाव्हणं येत्यात हळूहळू. कधी येताय?” रविवारी पहाटे साडेपाचला काठावर येतो म्हटलं. इंजिन घरीच ठेव, बांबू तेवढा आण, असं सांगून ठेवलंय.